सात नंबरचा तुकडा

ज्या माणसावर मी अठ्ठावीस वर्षं दात ठेवून होते, तो एका दुपारी स्वतःच्या पायांनी चालत माझ्या खोलीत आला, रुमालाने खुर्ची पुसून बसला, आणि त्याने मला ओळखलं नाही.

जेवणाची सुट्टी संपत आली होती. आमच्या कारखान्यात साचे जिथे बनतात त्या विभागाला टूलरूम म्हणतात आणि तिथली मुख्य मी आहे. माझी खोली म्हणजे तीन बाजूंनी काच, एक टेबल, दोन खुर्च्या आणि भिंतीला टांगलेली मोजमापाची हत्यारं. त्याला आत घेऊन आले ते आमचं स्टोअर सांभाळणारे काका. एक कानस द्यायची तरी सही घेतात, परत आली की कुलूप लावतात, म्हणून सगळे त्यांना कुलूपकाका म्हणतात. त्यांच्या तोंडाला मात्र कुलूप लागलेलं मी कधी पाहिलेलं नाही.

"बाई, हे शाळेतले सर आहेत," काका म्हणाले. "तुमच्याशी खासगी बोलायचंय म्हणतात. मी आहे बाहेर. फार हळू बोलू नका, मला ऐकू येत नाही."

सर ओशाळून हसला. तोंडावर मी त्याला अहो-जाहो केलं, पण मनात कधी केलं नाही आणि इथेही करणार नाही. केस पांढरे झाले होते, गाल उतरले होते. पण बोलण्याआधी पेनाचं टोपण काढायचं आणि परत लावायचं, ती सवय तीच. टक, टक. तो आवाज कानावर पडला आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"मी शाळेत मार्गदर्शक आहे," तो म्हणाला. "शाळा संपल्यावर मुलांनी पुढे काय करावं, कुठे जावं, ते मी सांगतो. बत्तीस वर्षं झाली. यंदा निवृत्त होतोय."

मला सांगताय? असं अगदी ओठावर आलं होतं. मी म्हटलं, "अरे वा."

आम्ही मुलं त्याला होकायंत्र म्हणायचो. त्याच्या खोलीत भिंतभर एक तक्ता होता. मधे एक मूल काढलेलं आणि त्याच्यापासून चहूकडे बाण निघालेले: डॉक्टर, इंजिनिअर, वकील, शिक्षक, कारकून. सगळ्यात खाली एक बारीक बाण, त्याच्यापुढे लिहिलेलं 'इतर'. शेवटच्या वर्षी प्रत्येकाला आईवडिलांसोबत त्या खोलीत बोलावणं यायचं आणि होकायंत्र एक कागद भरायचा. इंजिनिअरिंगसाठी शाळेकडून एकाच मुलाची शिफारस जायची, ती त्या कागदावरून ठरायची. ती मला हवी होती. गणितात मी वर्गात दुसरी होते. चित्रकलेच्या वहीत बाकीच्या मुली फुलं काढायच्या, मी पंप काढायचे, सायकलचा ब्रेक काढायचे, आणि तोही आतून कसा दिसेल तसा.

त्या दिवशी सकाळी मावशीचं शिलाई मशीन अडलं होतं. मी ते उघडलं, साफ केलं, चालू करून दिलं आणि तशीच धावत शाळेत गेले. नखांत तेल राहिलं होतं. होकायंत्राने माझ्या नखांकडे पाहिलं. माझ्या गुणपत्रिकेचं पाकीट त्याच्यासमोर टेबलावर होतं, चिकटवलेलं. ते त्याने फोडलंच नाही. सात मिनिटांत कागद भरून झाला. बाबांना म्हणाला, "हिचा हात चालतो. डोक्याचं काम हिला झेपायचं नाही. उगाच मुलीला अवघड वाटेला लावू नका." आणि 'इतर' पुढे खूण करून टोपण लावलं. टक.

माझे बाबा मालाची गाडी चालवायचे. शिकलेला माणूस चुकू शकतो, हे त्यांच्या डोक्यात शिरणं शक्यच नव्हतं. घरी येताना म्हणाले, "सरांनी शेकड्यांनी मुलं पाहिलीत, बाळा." मी ते न फोडलेलं पाकीट हातात घेऊन त्यांच्या मागे चालत होते. पुढच्या महिन्यात मी या कारखान्यात शिकाऊ म्हणून लागले.

माझं वाईट झालं, असं मी म्हणणार नाही. हे काम मला आवडतं. माझ्या हाताखाली चौदा माणसं आहेत आणि माझं माप कुणी पुन्हा तपासत नाही. मागून ते मला 'केसभर' म्हणतात, कारण मी सारखी म्हणत असते, केसभर कमी आहे, केसभर जास्त आहे. मला राग वेगळ्याच गोष्टीचा आहे. दरवर्षी कॉलेजातून ताजे इंजिनिअर येतात, साच्यांचे आराखडे काढून आणतात. मी लाल पेन्सिलीने त्यातल्या चुका दाखवते, ते निमूट दुरुस्त करतात आणि खालच्या चौकटीत सही ठोकतात. त्या चौकटीत सही करायचा हक्क मला अठ्ठावीस वर्षांत मिळाला नाही, आणि आता मिळणारही नाही. तिथे डिग्रीचा नंबर लिहावा लागतो. दर वेळी ती रिकामी चौकट दिसली की मला कुणाची आठवण येत असेल, हे सांगायला नको.

तर असा तो माणूस माझ्यासमोर बसला होता.

"उद्या तुमच्याकडे शिकाऊ उमेदवारांची परीक्षा आहे ना," तो म्हणाला. "त्यात माझी मुलगी आहे. तिला सात नंबर मिळालाय."

अच्छा, वशिला! मी मनातल्या मनात बाह्या सरसावल्या. "तिला घ्या, म्हणून सांगायला आलात?"

टोपण लागलं. टक. "नाही. तिला नापास करा, म्हणून."

बाहेर कुलूपकाकांच्या किल्ल्यांचा खुळखुळाट एकदम थांबला.

मग त्याने सगळं सांगितलं. मुलगी उशिरा झालेली, एकुलती एक. शाळेत पहिली आलेली. इंजिनिअरिंग कॉलेजात त्याने तिची जागा पक्की करून ठेवलेली, फक्त प्रवेशाचा अर्ज द्यायचा बाकी, आणि त्याचा शेवटचा दिवस परवाचा. पण मुलीने हट्ट धरलेला की मला साचे बनवायला शिकायचंय, बाकी काही नको. रडारड झाली, अबोला झाला. शेवटी बापलेकीत ठरलं. ती इथे पास झाली तर तो आडवा येणार नाही. नापास झाली तर ती मुकाट्याने कॉलेजात जाईल.

"तुम्ही शब्द दिलात ना तिला?" मी विचारलं.

"बाप आहे हो मी!" तो कळवळून म्हणाला. "तिला डोकं आहे, डोकं! असली मुलगी कानस घासत बसणार?" मग त्याचं लक्ष माझ्या अंगावरच्या निळ्या कोटाकडे गेलं. "म्हणजे तुमच्या कामाला मी कमी लेखत नाही."

"छे, छे. लेखा की."

"हे ज्याचं त्याचं असतं. तुमचा हात चालतो. तिचा थोडाच चालणार आहे?"

तेच वाक्य. अठ्ठावीस वर्षं त्याने ते जपून ठेवलं होतं, आणि माझ्यासारख्या किती जणांना ऐकवलं होतं कोण जाणे. मी टेबलाची कड घट्ट धरली.

"शाळेतून तुम्ही बरीच मुलं आमच्यासारख्या कामाला धाडली असतील."

"धाडली ना. ज्यांना जमण्यासारखं होतं त्यांना धाडलं."

"त्यांच्या आईबापांना काय वाटलं असेल?"

तो गोंधळला. त्याला प्रश्नच कळला नव्हता. "ती मुलं वेगळी हो," तो म्हणाला.

मी म्हटलं, "बघते."

त्याचा चेहरा उजळला. त्याने तो होकार समजला. समजू दे, म्हटलं. तो गेल्यावर कुलूपकाका आत आले.

"नापास करायला वशिला! इतकी वर्षं काढली इथे, हे नव्हतं ऐकलं."

"काका, त्या मुलीला मी घेणार," मी म्हणाले.

"तुकडा न बघता?"

"घेणार म्हणजे घेणार."

काका माझ्याकडे बघत राहिले. "बाई, तुम्ही असं कधी बोलत नाही," एवढंच म्हणाले आणि गेले.

मला काय सुचलं होतं ते काकांना कसं सांगणार? होकायंत्राची मुलगी माझ्या हाताखाली चार वर्षं कोपरापर्यंत तेलात असणार. रोज संध्याकाळी ती काळी नखं घेऊन घरी जाणार, बापासमोर जेवायला बसणार आणि त्याने ती नखं बघत घास गिळायचा. शेजारीपाजारी विचारणार, मुलगी काय करते? आणि त्याला सांगावं लागणार. इतका सुबक सूड मला कुणी आयता आणून दिला असता? घरी जाताना मी चक्क गुणगुणत होते.

आता परीक्षेचं सांगते. प्रत्येकाला एक ओबडधोबड लोखंडी तुकडा मिळतो. सहा तासांत तो हाताने, कानशीने घासून पन्नास मिलिमीटरचा चोख चौकोनी करायचा. मशीन नाही, कुणाची मदत नाही. माप पाच शतांशापेक्षा जास्त चुकायला नको आणि काटकोन तपासायला गुण्या लावला तर फटीतून उजेड दिसायला नको. तुकड्यावर नाव नसतं, फक्त नंबर ठोकलेला असतो. परीक्षेच्या वेळी आम्ही तोंड उघडायचं नाही. आणि आमचा एक जुना रिवाज आहे. जो तुकडा नापास झाला त्याचा नंबर त्याच संध्याकाळी ग्राइंडरवर घासून काढायचा, करवतीने तुकड्याचे दोन भाग करायचे आणि भंगाराच्या पेटीत टाकायचे. पूर्वी एकाने आमच्याकडचा नापास तुकडा पळवून, घरी सुधारून, दुसऱ्या कारखान्यात 'हा बघा माझा तिथला पास झालेला तुकडा' म्हणून खपवला होता. तेव्हापासून नापास तुकडा आम्ही दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवत नाही.

अकरा उमेदवार होते, जागा दोन. सात नंबरच्या बाकावर एक काटकुळी मुलगी उभी होती. केस घट्ट बांधलेले, हनुवटी थेट बापाची. ती हनुवटी बघून आधी माझं डोकं तडकलं. मग तिने कानस हातात घेतली.

काय सांगू? शिकाऊ मुलं कानस दातावर ब्रश फिरवावा तशी फिरवतात, पुढे-मागे, खसाखसा. ही पोरगी पाय रोवून उभी राहिली आणि कानशीची लांबीच्या लांबी वापरत, अंगाचा भार देत, सावकाश ढकलत होती. परत आणताना दाब सोडत होती. हे पुस्तकात वाचून येत नाही. मी तिच्या बाकाजवळून तीनदा गेले. तिला माझी खबरही नव्हती. तासाभरात मला तिच्या बापाचा विसर पडला. मला वाटलं, ही तर मीच आहे, फक्त हिच्या हातात सतराव्या वर्षी आहे ते माझ्या हातात विसाव्या वर्षी आलं. सुडाची गंमत अशी की तो घ्यायला मला आता लबाडीही करावी लागणार नव्हती. हिला न घेण्याचं कारणच नव्हतं.

चौथ्या तासाला मला तिची चूक दिसली.

लोखंड घासलं की कडेला पापुद्र्यासारखी एक पातळ धार उभी राहते. तिला आम्ही बर म्हणतो. माप घेण्याआधी बर काढावी लागते, नाहीतर माप घ्यायच्या व्हर्नियरचे दोन जबडे तुकड्याला न टेकता बरीला टेकतात आणि तुकडा आहे त्यापेक्षा मोठा दिसतो. मग माणूस अजून घासतो. अजून घासतो. आणि मोठा तुकडा लहान करता येतो, लहान झालेला मोठा करता येत नाही. नव्या माणसाचा हात कितीही चांगला असला तरी ही चूक तो एकदा करतोच. मी केली आहे. सात नंबरच्या तीन बाजू सुंदर झाल्या होत्या, आणि चौथ्या बाजूला ती बर तशीच ठेवून माप घेत होती.

एक शब्द बोलले असते तर काम झालं असतं. पण तोंड उघडायचं नाही म्हणजे नाही. मी खाकरले. मग विषम नंबरांच्या ओळीत, सात आणि नऊच्या मधे एक बाक रिकामा होता, तिथे जाऊन उभी राहिले, खिशातला रुमाल काढला आणि त्या बाकाच्या कडेवरून उगाचच फिरवला. दोनदा फिरवला. अठ्ठावीस वर्षांत मी पहिल्यांदा परीक्षेत लबाडी करत होते. सात नंबरने मान वर केली नाही. नऊ नंबरला एक टक्कल पडलेला गडी होता, आधी दोनदा नापास झालेला. त्याने माझ्याकडे पाहिलं, रुमालाकडे पाहिलं, आपल्या तुकड्याकडे पाहिलं, आणि घाईघाईने बर काढायला लागला.

संध्याकाळी मी आणि कुलूपकाका तुकडे मोजायला बसलो. मी आकडा वाचते, काका लिहितात. सात नंबरचा तुकडा हातात घेतला तेव्हा तो रेशमासारखा लागला. बर काढली, पुसला, व्हर्नियर लावला. एका बाजूने पन्नास, बरोब्बर. दुसऱ्या बाजूने एकोणपन्नास पूर्णांक अठ्ठ्याऐंशी. मी पुन्हा लावला. अठ्ठ्याऐंशी. दुसरा व्हर्नियर काढायला लावला. अठ्ठ्याऐंशी. जितकी सूट असते तिच्याही खाली सात शतांश. माणसाचा एक केस.

"काय लिहू?" काका म्हणाले.

मी व्हर्नियर खाली ठेवला. पंच्याण्णव म्हटलं असतं तर काकांनी पंच्याण्णव लिहिलं असतं. मुलगी माझी झाली असती, होकायंत्र आयुष्यभर जळत राहिला असता. चार अक्षरी आकडा बोलायला किती वेळ लागतो? पण माझ्या जिभेवर तो येईना. माझ्याबद्दल एका माणसाने न बघता कागदावर खोटं लिहिलं, म्हणून तर मी इतकी वर्षं पेटलेली होते. आणि हे माप हीच एक गोष्ट होती, जी त्या माणसाकडून मी घेतलेली नव्हती.

"अठ्ठ्याऐंशी," मी म्हणाले. "नापास."

तुकडा मीच ग्राइंडरवर धरला. नंबर गेला. मीच करवत चालवली. आणि करवत चालवताना माझा इतका संताप होत होता की विचारू नका. मी खरं वागले होते आणि त्यातून नेमकं त्याला हवं होतं तेच घडलं होतं. त्याला वाटणार, मी त्याचं ऐकलं. उद्या येऊन तो माझे आभार मानणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला यादी लागली. तीन नंबर आणि नऊ नंबर. थोड्या वेळाने काचेबाहेर ती दिसली. बाप मागे होता, काखेत कागदांची पिशवी. ती दारातच थांबली. डोळे कोरडे होते.

"मॅडम, माझं काय चुकलं, ते सांगाल का?"

नापास झालेल्या दहा जणांतले नऊ जण येऊन रडतात किंवा भांडतात. हा प्रश्न कुणी विचारत नाही. माझ्याकडे उत्तर तयार होतं. मी सांगणार होते की तू बर काढली नाहीस, बस, एवढंच. अकरा जणांत तुझ्याइतका हात कुणाचा नव्हता. सहा महिन्यांनी पुन्हा परीक्षा आहे, ये, तुला कुणी अडवू शकत नाही. मी तोंड उघडलं, पण त्याआधी होकायंत्र बोलला.

"जाऊ दे, बेटा. मॅडमनी बघितलंय ना सगळं. हात हा सगळ्यांचा चालतोच असं नाही." आणि तिच्या डोक्यावरून माझ्याकडे बघत त्याने हळूच मान डोलावली. जणू आम्ही दोघं एकाच कटातले.

तिथे माझं डोकं फिरलं.

"तुझे वडील परवा इथे आले होते," मी म्हणाले. "या खुर्चीत बसले होते. तुला नापास करा, असं सांगायला."

खोटं कशाला बोलू, ते वाक्य मी चवीचवीने बोलले. त्याच्या हातातलं पेन खाली पडलं. चेहरा पांढराफटक झाला. मला थांबवेना.

"अठ्ठावीस वर्षांपूर्वी मीही तुमच्यासमोर बसले होते, सर. माझं गुणांचं पाकीट तुम्ही फोडलं नव्हतं. नखं बघून 'इतर' वर खूण केलीत. आठवतं?"

तो माझ्याकडे बघत राहिला. मनापासून आठवायचा प्रयत्न करत होता, ते मला दिसत होतं. "कसलं पाकीट?" तो म्हणाला.

त्याला आठवत नव्हतं. मी इतकी वर्षं ज्याला रोज आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करत होते, तो तिथे कधी आलाच नव्हता.

"बाबा?" मुलगी म्हणाली.

"तुझ्या भल्यासाठी गं..."

ती ओरडली नाही. बापाकडे तिने एकदाच पाहिलं, मग माझ्याकडे वळली. "आणि तुम्ही केलंत."

"नाही!" मी म्हणाले. "तुझा तुकडा खरंच कमी भरला. सात शतांश. तू बर काढली नव्हतीस, त्यामुळे..."

"दाखवा."

मी उठले, आणि अर्ध्या वाटेत पाय थबकले. भंगाराच्या पेटीत अठरा अर्धे तुकडे पडले होते, नंबर घासलेले, करवतीचे ओरखडे उठलेले. ती पेटीजवळ गेली, वाकली. "यातला माझा कोणता?"

मी दोन उचलले, उलटसुलट केले. मला सांगता येईना.

"काका," मी हाक मारली. "सांगा हिला. मोजताना तुम्ही होतात ना शेजारी?"

कुलूपकाका आले, हातातल्या किल्ल्या चाचपत. "होतो ना. पण पोरी, ती बारीक रेघ आता माझ्या डोळ्यांना दिसत नाही. बाई वाचतात, मी लिहितो."

"आणि परवा? बाबा आले तेव्हा?"

"तेव्हाही होतो."

"मॅडम त्यांना काय म्हणाल्या?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. या माणसाला खोटं बोलता येत नाही, हे मला कळत होतं. "बघते म्हणाल्या," ते म्हणाले. मग मला सावरून घ्यायला घाईने म्हणाले, "पण ते गेल्यावर मला म्हणाल्या, त्या मुलीला मी घेणार म्हणून! अगदी तुकडासुद्धा न बघता!"

मुलगी पेटीपासून मागे सरली. तिचे हात काळे होते, कालचं तेल नखांतून निघालं नव्हतं.

"म्हणजे तुकड्याचा प्रश्नच नव्हता," ती म्हणाली. "मी सहा तास घासलं, ते तुमच्या दोघांच्या भांडणात."

"असं नाही गं," मी म्हणाले. "तुझा हात... सहा महिन्यांनी पुन्हा परीक्षा आहे. तू ये. मी सांगते, तू ये."

तिने बापाच्या काखेतली पिशवी ओढून घेतली. "चला," ती त्याला म्हणाली. "आज शेवटचा दिवस आहे ना? मी शब्द दिलाय. मी पाळते."

होकायंत्र तिच्या मागे जायला लागला, मग परत फिरला. त्याचे डोळे भरले होते. "सांगा ना तिला," तो मला म्हणाला. "तुम्ही खरंच मोजलंत, असं सांगा. माझ्यावर तिचा विश्वास राहणार नाही आता." मी त्याला असा गयावया करताना बघायचं किती वर्षं मनात घोळवलं होतं! तो क्षण आला तेव्हा मी भंगाराच्या दोन तुकड्यांकडे बघत उभी होते.

"सांगितलं की," मी म्हणाले. "तुमच्यासमोरच सांगितलं."

दारापाशी जाऊन मुलगी थांबली. वळून तिने माझ्या कोटावर लावलेला बिल्ला वाचला. पुढे माझा हुद्दा लिहिलेला आहे, तो तिने सोडून दिला. नाव तेवढं वाचलं, सावकाश, दोनदा. नाव असं कशासाठी वाचतात, ते अठ्ठावीस वर्षांनंतर मला कुणी समजावून सांगायची गरज नाही.